पर्यटन सायकलचे सुटे भाग

पर्यटन सायकल म्हणजे सामान लादून अनेक दिवसांचा, लांब पल्ल्याचा प्रवास करण्यासाठी बांधलेली सायकल होय. शर्यतीच्या सायकलीत वजन कमी करण्यावर भर असतो. पर्यटन सायकलीचे भाग निवडताना मात्र टिकाऊपणा, साध्या हत्यारांनी होणारी दुरुस्ती आणि वाटेत सुटा भाग मिळण्याची शक्यता यांना प्राधान्य दिले जाते.

सांगाडा

क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाचा (क्रोमोली) सांगाडा विशेष प्रचलित आहे. तो ॲल्युमिनियमच्या सांगाड्यापेक्षा सहसा जड असतो. परंतु तडा गेल्यास त्याला वेल्डिंग करणे तुलनेने सोपे असते.

चाके

स्वार व सामान यांचा अधिक भार मागच्या चाकावर पडतो. शिवाय गिअरच्या दातेरी चक्रांना जागा देण्यासाठी त्या बाजूचे स्पोक अधिक उभे व अधिक ताणलेले असतात. त्यामुळे स्पोक तुटण्याचा धोका मागच्या चाकात जास्त असतो. पर्यटन सायकलीच्या चाकात बहुधा ३६ स्पोक असतात. भारतातील पारंपरिक काळ्या सायकलीत पुढे ३२ व मागे ४० स्पोक असण्यामागेही हेच तत्त्व आहे. गिअरच्या बाजूचा स्पोक बदलण्यासाठी सहसा दातेरी चक्रे काढावी लागतात. म्हणून त्यासाठीचे हत्यार व जादा स्पोक सोबत ठेवले जातात.

टायर

टायरचे माप इंचांत सांगण्याची पद्धत फसवी ठरू शकते. ‘७००सी’ या मापाच्या टायरवर अनेकदा २८ इंच असे लिहिलेले असते. त्याच्या रिमचा मानक व्यास ६२२ मिमी असतो. पारंपरिक भारतीय सायकलीचा २८ × १½ इंची टायर मात्र ६३५ मिमी व्यासाच्या रिमसाठी असतो. त्यामुळे गावातील दुकानात ‘अठ्ठावीसचा’ टायर मिळाला तरी तो ७००सी चाकावर बसत नाही. टायरवर छापलेला ‘३७-६२२’ यांसारखा आकडा (रुंदी-व्यास) अधिक विश्वसनीय असतो.

साखळी व ब्रेक

साखळीच्या लगतच्या दोन खिळ्यांमधील अंतर १२.७ मिमी असते. झिजेमुळे साखळी लांबते व चक्रांचे दाते खराब करते. लांबी सुमारे ०.५ टक्के वाढताच साखळी बदलल्यास महागडी चक्रे अधिक काळ टिकतात.

रिमवर दाबणाऱ्या ब्रेकची दुरुस्ती सोपी असते, पण त्याने रिम झिजते. डिस्क ब्रेकमुळे ही झीज टळते. तारेवर चालणाऱ्या ब्रेकची तार सोबत नेता येते व प्रवासात बदलता येते. द्रवचलित ब्रेकची नळी फुटल्यास विशेष साहित्य लागते.