अंगावर काढलेले दुखणे आणि त्याची मोजदाद

'दुखणे अंगावर काढणे' हा वाक्प्रचार आपल्याकडे बहुधा बाईच्या संदर्भात वापरला जातो, आणि तोही कौतुकाने. परंतु अंगावर काढलेले दुखणे दवाखान्याच्या नोंदवहीत चढत नाही. नोंदवहीत जे चढत नाही ते शासनाच्या हिशेबात येत नाही, आणि जे हिशेबात नाही त्याच्यासाठी डॉक्टर नेमला जात नाही की औषध पाठवले जात नाही. म्हणून स्त्रियांना त्यांच्या आरोग्यसेवेच्या अनुभवाविषयी विचारणे हे निव्वळ माहिती गोळा करण्याचे काम नाही. कोणाचे दुखणे मोजायचे, हा अखेर सामाजिक सत्तेचा प्रश्न आहे.

या बाबतीत महाराष्ट्रापुढे एक ठळक उदाहरण आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातल्या 92 स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया मात्र शंभरात अवघ्या 8 होत्या. आपल्याला काही त्रास आहे, असे सांगणाऱ्या स्त्रिया निम्म्याहून थोड्याच अधिक होत्या. म्हणजेच नुसते तोंडी विचारून थांबले असते, तर रोगाचा मोठा भाग नजरेआडच राहिला असता.

यातून पहिला धडा मिळतो तो प्रश्नाच्या रचनेचा. 'तुम्ही आजारी आहात का?' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर येते, कारण उभी राहून काम करू शकते ती बाई स्वतःला आजारी म्हणवत नाही. 'अंगावरून पांढरे जाते का, अंग बाहेर येते का, पाळीत किती दिवस जातात, कंबर कधीपासून धरते' असे तिच्या बोलीत एकेक विचारले, तर उत्तरे निराळी येतात.

दुसरा धडा अंतराविषयीचा आहे. पनवेलजवळचे पळस्पे घ्या. पुण्याकडे आणि गोव्याकडे जाणारे रस्ते जिथे फुटतात, तिथला हा फाटा. नकाशा पाहणारा म्हणेल, पनवेल शेजारी, मुंबईही जवळ, येथे आरोग्यसेवेची अडचण ती कसली? पण अंतर केवळ किलोमीटरमध्ये मोजायचे नसते. बुडालेली मजुरी, रिक्षाचे भाडे, सोबतीला माणूस, घरात मागे राहणारे मूल, हे सगळे त्या अंतरात धरावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांना उपचाराच्या आड येणाऱ्या अडचणी विचारल्या जातात: जाण्याची परवानगी, पैसा, अंतर, वाहन, एकटीने जाण्याचा संकोच, स्त्री-कर्मचारी नसणे, कोणीच कर्मचारी नसणे, औषध नसणे. ही यादी उपयुक्त आहे. परंतु तीत अपमानाला रकाना नाही.

आपल्या दृष्टीने तोच रकाना महत्त्वाचा आहे. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात व राजस्थानातील 200 दलित मुलांच्या अनुभवांचा अभ्यास केला. तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 'भेदभाव होतो का?' एवढ्यावर न थांबता तो कुठे होतो, कोण करतो आणि कशा प्रकारे करतो, हे पाहिले गेले. तपासताना अंगाला हात लावला की नाही? औषध हातात दिले की दुरून? बाळंतिणीच्या घरात कर्मचारी आली की उंबऱ्याबाहेरून बोलून गेली? भेदभाव असा प्रसंगाप्रसंगांत वाटून विचारला, तरच तो पकडीत येतो.

तिसरी गोष्ट: दवाखान्यात गेली म्हणजे सेवा मिळाली, असे समजू नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर शासनाने 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत आलेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या साऱ्या 'उपचार घेतलेल्या' स्त्रिया होत. दुसरा उपाय सांगितला होता काय, खर्चासाठी उचल घेतली काय, हे विचारले नाही, तर अशी पाहणी अन्यायालाच सेवा म्हणून नोंदवून बसेल.

चौथी गोष्ट वेळेची. रायगड जिल्ह्यातील कित्येक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात वाडीवर गेलेला पाहणीदार 'घर बंद' असे लिहून परततो. ज्यांना सर्वांत अधिक विचारायला हवे, त्याच अशा रीतीने गळतात. पाहणी भट्टीवरही गेली पाहिजे.

विचारणारी कोण, हेही तितकेच महत्त्वाचे. दारात सासू बसलेली असताना सून बोलणार नाही, आणि परक्या पुरुषापुढे दोघीही बोलणार नाहीत. याच जिल्ह्यात मांडवा येथे डॉ. नो. ह. अंतिया यांच्या प्रकल्पाने 1970 च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले होते. अल्पशिक्षित स्त्रीही हे काम समर्थपणे करू शकते, हे तेथे दिसले. मात्र गावातली म्हणजे कोणत्या आळीतली, हे पाहिलेच पाहिजे. वस्तीतली स्त्री विचारणाऱ्यांत नसेल, तर वस्तीचे दुखणे कागदावर येणार नाही.

1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी अशी भूमिका घेतली होती की बाळंतपणाच्या काळातील विश्रांतीत राष्ट्राचे हित आहे, म्हणून तिचा बराचसा भार सरकारने उचलावा. स्त्रीचे शरीर ही तिची खाजगी कटकट नव्हे, ती सार्वजनिक जबाबदारी आहे, हा त्यातील आशय आजही जुना झालेला नाही.

म्हणून पाहणीचा शेवट अहवालाने होऊ नये. जमलेली उत्तरे नावे गाळून वस्तीत वाचून दाखवावीत, ग्रामसभेत मांडावीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्यांवर जाब विचारावा. उत्तर देणाऱ्या बाईने आपला एक दिवस आणि आपली लाज खर्ची घातलेली असते. त्या बदल्यात तिला निदान एवढे कळले पाहिजे की तिच्या बोलण्याचे पुढे काय झाले.