विंटेज धाटणीची बेस गिटार घेताना काय पाहावे?
फेंडरने 1951 मध्ये आणलेल्या प्रिसिजन बेसच्या जुन्या घडणीच्या गिटारी आजही बनतात. घेताना रंगाला भुलू नका, नेक तपासा. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावे. फट जास्त असेल तर आतला ट्रस रॉड आवळावा लागतो. जुन्या घडणीत त्याचा नट बॉडीकडच्या टोकाला दडलेला असतो, त्यामुळे तारा सैल करून नेक उतरवावी लागते. पावसाळ्यात लाकूड ओल धरते, म्हणून सरळ नेकच घ्या. नट एका वेळी पाव फेराच फिरवा. वाजवून झाल्यावर तारा पुसा. फ्लॅटवाउंड तारा मात्र सारख्या बदलू नका. मोटाउनचा जेम्स जेमरसन म्हणे तुटल्याशिवाय बदलतच नसे.