रंगावरची रुई

कारंजाच्या रस्त्यावर एका कडुलिंबाखाली माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे दुकान आहे. मोटारसायकलच्या टाक्या, मडगार्ड, ट्रॅक्टरची बोनेटे रंगवण्याचे काम तो करतो. हात चांगला आहे. गिऱ्हाईकही चांगले आहे.

मागच्या पौषात मी तिकडून जात होतो. पाहतो तर हा डोक्याला हात लावून बसलेला. समोर एक लाल टाकी. रंग ओला, आणि त्यावर बारीक बारीक पांढरे तंतू चिकटलेले.

तो म्हणाला, "गुर्जी, पाहा ना. तीन खेपा रंगवली. तिन्ही खेपा हे असंच. मी त कोरड्या फडक्यानं घासघासून पुसली होती. तरी हे काहून होते?"

मी म्हणालो, "अरे, तुझं ते घासणंच नडलं!"

त्याला वाटले, गुरुजी थट्टा करतात. पण ती थट्टा नव्हती. हे असे का होते, ते आपण पाहू.

घासण्याने वीज होते

घरी एक प्रयोग करा. प्लॅस्टिकचा कंगवा घ्या. डोक्याला तेल नसेल तेव्हा केसांवरून तो दहा वेळा फिरवा. मग कागदाच्या बारीक कपट्यांजवळ न्या. कपटे टुणकन उडून कंगव्याला चिकटतील. कंगव्याला गोंद नाही. मग कपटे का चिकटले?

दोन कोरड्या वस्तू एकमेकींवर घासल्या की थोडी वीज एकीवरून दुसरीवर जाते. ही वीज तारेतल्या विजेसारखी वाहत नाही. जागच्या जागी साचून राहते. म्हणून तिला स्थिर वीज म्हणतात. अशी वीज साचलेली वस्तू हलका कचरा स्वतःकडे ओढते.

थंडीच्या रात्री ब्लँकेट किंवा स्वेटर काढताना चट् चट् आवाज येतो. अंधारात बारीक ठिणग्याही दिसतात. ती हीच वीज. आपल्या घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. या ठिणगीचा चटका बोटाला जाणवतो, तेव्हा तिचा दाब सुमारे ३००० व्होल्ट असतो! मग माणूस मरत कसा नाही? कारण दाब मोठा असला तरी वीज फार थोडी असते. क्षणात संपते.

आता टाकीकडे या. टाकी लोखंडाची, पण तिच्यावर जुन्या रंगाचा थर असतो. कोरड्या फडक्याने घासले की त्या थरावर वीज साचते. प्लॅस्टिकच्या मडगार्डावर तर जास्तच साचते. मग हवेतला तंतू नुसता पडत नाही. तो ओढला जातो. शिवाय फडक्याचेही तंतू सुटतात. म्हणजे पुसणाराच कचरा आणतो आणि त्याला बोलावतोही.

आपल्याकडे हिवाळ्यात त्रास का?

आपल्या वाशीम जिल्ह्यात आता सोयाबीन फार झाले. तरी कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या भागांत कापूस आहेच. दिवाळीपासून वेचणीचा कापूस येतो. जिनात सरकी वेगळी होते, तेव्हा रुईचे तंतू हवेत उडतात. कापसाच्या गाड्या रस्त्याने जातात. त्यांतूनही रुई उडते.

त्याच दिवसांत हवा कोरडी होते. हवेत ओल असली तर साचलेली वीज हळूहळू निघून जाते. कोरड्या हवेत ती जात नाही. म्हणजे रुईचे दिवस आणि विजेचे दिवस एकच. पावसाळ्यात हा त्रास नसतो, पण तेव्हा दुसरी अडचण येते. हवा फार दमट असली तर काही रंग वाळताना पांढरट पडतात.

काय करावे?

१. आपल्या बाया पहाटे अंगणात सडा टाकतात. धूळ बसते. तसाच सडा रंगाच्या जागी टाका. भोवतीचा पडदाही ओला करा. मात्र कॉम्प्रेसरच्या वायरी आणि बटणे पाण्यापासून दूर ठेवा.

२. वस्तू साबणाच्या पाण्याने धुवा. आडोशाला पूर्ण वाळू द्या.

३. वाळल्यावर कोरड्या फडक्याने घासू नका. जुने, पुष्कळ वेळा धुतलेले मलमलीचे कापड घ्या. ते ओले करून घट्ट पिळा. एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवा. ओल वाळली की रंग द्या.

४. रंगाच्या दुकानात चिकट कापड मिळते. शेवटी ते अलगद फिरवा. दाबू नका, घासू नका.

५. टाकी नायलॉनच्या दोरीने टांगू नका. लोखंडी तारेने लोखंडी स्टँडला टांगा. स्टँडपासून एक तार ओल्या जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडा. टाकीच्या लोखंडावरची वीज जमिनीत उतरेल. तार जिथे जोडाल, तिथला रंग खरवडून टाका. प्लॅस्टिकच्या वस्तूला मात्र या तारेचा उपयोग नाही, कारण प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही. तिथे ओले कापडच खरे.

६. अंगात धुतलेले सुती कपडे घाला. स्वेटर नको. खांद्यावर टॉवेल नको. डोके बांधून घ्या.

७. सकाळी दव वाळल्यावर, वारा पडलेला असताना रंग द्या. जिनाकडून वारा येत असेल तर थांबा.

इतके करूनही एखादा तंतू बसला तर ओल्या रंगात बोट घालू नका. रंग पूर्ण वाळू द्या. मग बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून तेवढीच जागा घासा आणि पॉलिश करा.

तंतूपेक्षा मोठा धोका

हे सांगत असतानाच आमच्या विद्यार्थ्याने प्लॅस्टिकचे मडगार्ड उचलले. फडके पेट्रोलमध्ये बुडवले आणि घासायला निघाला. शेजारी थिनरचा डबा उघडा! मी त्याचा हात धरला.

थिनर आणि पेट्रोल यांची वाफ दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते. जमिनीवरून सरकत दूर जाते. तिला पेटायला काडी लागत नाही. घासण्याने झालेली एक बारीक ठिणगी पुरते. तंतू बसला तर रंग पुन्हा देता येतो. आग लागली तर हात, तोंड, दुकान पुन्हा मिळत नाही.

म्हणून पेट्रोलने पुसू नका. डबा झाकून ठेवा. जवळ विडी नको, चूल नको. जागा चारी बाजूंनी कोंडलेली नको. पेट्रोल काढून घेतले तरी टाकीत वाफ राहते. अशी टाकी विस्तवाजवळ किंवा वेल्डिंगजवळ नेऊ नका. नाकाला नुसता रुमाल बांधून ही वाफ अडत नाही. रंगकामासाठी फिल्टर लावलेला मुखवटा मिळतो, तो वापरा.

शत्रूच मित्र होतो

मोटारींच्या मोठ्या कारखान्यांतही हीच अडचण येते. काही ठिकाणी रंग देण्याआधी शहामृगासारख्या पक्ष्यांच्या पिसांचे फिरते ब्रश गाडीवरून फिरवतात. आणि गंमत अशी की, याच विजेकडून ते कामही करून घेतात. रंगाच्या तुषारांना वीज देतात आणि गाडीचा सांगाडा जमिनीशी जोडून ठेवतात. मग रंगच गाडीकडे ओढला जातो. वाया कमी जातो. जी वीज कचरा ओढते, तीच रंगही ओढते. गुण कळला की शत्रूही कामाला येतो.

आठ दिवसांनी मी पुन्हा त्या रस्त्याने गेलो. लाल टाकी तारेला टांगली होती. खाली सडा टाकलेला होता. थिनरचा डबा झाकून दूर ठेवला होता.

"गुर्जी, आता पाहा," तो म्हणाला.

मी वाकून पाहिले. टाकीत माझी पांढरी टोपी स्वच्छ दिसली. एकही तंतू नव्हता.

लक्षात ठेवा

कोरडे घासाल, तर कचरा ओढाल.
ओल्या कापडाने, हलक्या हाताने पुसा.
लोखंडाची वीज जमिनीत उतरवा.
थिनर झाका, ठिणगी टाळा.