नजर लागली की नजर थकली?

सहावीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीनंतर डोके धरून बसायची. "मॅडम, कपाळ दुखतंय," म्हणत बाकावर डोके टेकवायची. सकाळच्या तासांना मात्र अगदी हसतखेळत. रविवारी आणि ईदच्या सुट्टीत डोकेदुखीचे नावही नसते, असे तिची अम्मी सांगायची. आम्ही शिक्षकांनी त्याचा सरळ अर्थ काढला, अभ्यासाची टाळाटाळ. दादीने दुसरा काढला, पोरीला नजर लागली. मिरच्या ओवाळून झाल्या, तेलाने डोके चोळून झाले. शाळेतल्या तक्त्यावरची अक्षरे ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होती, तेव्हा डोळ्यांचा संशय कुणालाच आला नाही.

आम्ही चुकलो ते इथेच. जवळचे पाहताना डोळ्यातल्या भिंगाभोवतीचा एक लहानसा स्नायू आवळला जातो आणि भिंग फुगीर होते. ज्या मुलांना प्लसचा नंबर असतो, त्यांचा हा स्नायू दूरचे पाहतानाही आवळलेलाच असतो आणि पुस्तक उघडले की त्याच्यावर आणखी ताण येतो. लहान वयात त्याची ताकद भरपूर असते, म्हणून तक्ता स्वच्छ वाचला जातो. पण तीन-चार तास वाचन-लेखन झाले की भुवयांच्या वर, कपाळात दुखू लागते. दुपारी दुखणे, सकाळी काही नसणे, सुट्टीत बरे वाटणे, हे सगळे डोळ्यांकडेच बोट दाखवत होते. आम्हाला त्यात कामचुकारपणा दिसला.

आणखी एक खूण आमच्या वह्यांतच होती. उर्दू वाचताना ती बे, पे, ते यांत गल्लत करायची. या अक्षरांचा आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा : बेच्या खाली एक, पेच्या खाली तीन, तेच्या वर दोन. मराठीत घ आणि ध, भ आणि म यांचे तेच. यावर आम्ही लाल शाईने 'निष्काळजी' असा शेरा मारला होता. तो शेरा आता आम्हालाच बोचतो.

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून तपासणी केली. थेंबांनी तो स्नायू सैल पडतो आणि लपलेला नंबर बाहेर येतो. मुलांच्या बाबतीत ही तपासणी टाळू नये. त्यानंतर एक-दोन दिवस, काही औषधांनी अधिक दिवस, जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही. म्हणून सुट्टीच्या आधीचा दिवस धरावा.

नंबर निघाला, तेव्हा अम्मीचा चेहरा उतरला. "आतापासून चष्मा? उद्या रिश्ता बघायला लोक आले तर काय सांगायचं?" मुलाला चष्मा लागला असता तर हा प्रश्न आला असता का, असे आमच्या एका सहकारी बाईंनी तिथेच विचारले. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हीही अशीच एक पक्की बसलेली समजूत. योग्य नंबरच्या चष्म्याने मुलांचे डोळे बिघडत नाहीत. पहिले काही दिवस डोके जड वाटले, मग ती तक्रार थांबली. बे-पेची गल्लतही बरीच कमी झाली.

अर्थात प्रत्येक डोकेदुखी डोळ्यांची नसते. अर्धे डोके ठणकणे, उलटी होणे, उजेड नकोसा वाटणे, घरात आणखी कुणाला तसाच त्रास असणे, ही अर्धशिशीची लक्षणे. तिथे चष्म्याचा उपयोग नाही. न्याहरी न करता येणारी मुलेही आमच्या वर्गात कमी नाहीत.

घरातल्या बायकांचे काय? चाळिशीनंतर भिंग कडक होत जाते. सुईत दोरा ओवायला हात लांब करावा लागतो, तांदूळ निवडताना खडे सुटतात. तरी मंद दिव्याखाली शिवणकाम, भरतकाम चालूच असते आणि रात्री डोक्याला बाम. काहीजणी रस्त्यावरचा तयार चष्मा घेतात. त्यात दोन्ही काचांचा नंबर एकच असतो. आपल्या दोन डोळ्यांचा तसा असेलच असे नाही, आणि काचेचा मध्य बुबुळासमोर आला नाही तर डोके आणखी दुखते. मोबाईलकडे टक लावून पाहताना पापण्या लवणे कमी होते, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद दूरवर, साधारण 20 फुटांवर पाहावे, असे सांगतात. मुलांना हे सांगताना आपला मोबाईलही खाली ठेवावा लागतो, ही अडचण आहेच.

दोन प्रसंगी मात्र वाट पाहू नये. मूल सकाळी उठताच डोकेदुखीने रडत असेल, सोबत उलट्या होत असतील किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर लगेच डॉक्टर गाठावा. आणि मोठ्या माणसाचा एक डोळा अचानक लाल होऊन जबर दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसली, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. त्याच दिवशी उपचार न मिळाल्यास दृष्टी जाऊ शकते.

2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळांत येते, तेव्हा नजरही तपासली जाते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आणि तक्ता नीट वाचूनही कपाळ दुखत असेल, तर ते पथकाला आवर्जून सांगा. तक्त्यावरून ते कळत नाही.