'पाजेति' : हाकणे आणि चालणे

पालि भाषेत 'पाजेति' असे एक क्रियापद आहे. 'प' हा उपसर्ग व 'अज्' हा धातू यांपासून ते सिद्ध झाले असून त्याचा अर्थ 'पुढे हाकणे' असा होतो. काही पाठांत ते 'पाचेति' असेही आढळते. बैल हाकण्याच्या पराणीला पालित 'पाचन' म्हणतात. तो शब्दही याच कुळातला.

धम्मपदाच्या दण्डवग्गातील १३५व्या गाथेत हे क्रियापद दोनदा येते. गुराखी काठीने गाईंना कुरणाकडे हाकतो, तसेच जरा व मृत्यू प्राण्यांचे आयुष्य हाकीत नेतात, असा तिचा आशय. येथे काठी दुसऱ्याच्या हाती आहे.

सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्तात मात्र चित्र पालटते. मगधातील एकनाळा गावी शेत नांगरविणाऱ्या ब्राह्मणाला भगवान बुद्ध 'आपणही नांगरतो' असे सांगतात. त्या शेतीत स्मृती, म्हणजे 'सति', हीच फाळ आणि पराणी होय. पराणी तीच, पण ती आता स्वतःच्या हाती आली.

हा भेद आम्हांस मोलाचा वाटतो. आपल्या समाजाला शतकानुशतके इतरांनीच हाकले. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी तथागत हे मोक्षदाते नसून मार्गदाते आहेत, असे प्रतिपादिले. मार्गदाता वाट दाखवितो, हाकीत नाही. चालावे आपणांसच लागते. पुढाऱ्यामागे असो वा विहारात, आपली पराणी कोणाच्या हाती आहे, हे प्रत्येक उपासक-उपासिकेने तपासावे.