स्वतःची बाजू मांडण्याचे प्रशिक्षण

जी अक्षमता जन्मतः किंवा वाढीच्या वयात उद्भवते आणि शिकणे, बोलणे, हालचाल व रोजचे व्यवहार यांवर आयुष्यभर परिणाम करते, तिला विकासात्मक दिव्यांगत्व म्हटले जाते. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सी हे तिचे ठळक प्रकार होत. अशा प्रौढ व्यक्तींना स्वतःविषयीचे निर्णय घेण्यास, ते चारचौघांत मांडण्यास आणि प्रसंगी इतरांच्या वतीने बोलण्यास शिकवणारे प्रशिक्षण सेल्फ ॲडव्होकसी किंवा स्व-समर्थन या नावाने ओळखले जाते. विशेष शाळेचा अभ्यासक्रम स्वावलंबन आणि हस्तव्यवसाय यांपाशी बहुधा थांबतो. तेथे जे शिकायचे राहून गेले, त्यापासून या प्रशिक्षणाचा आरंभ होतो.

या विचाराची मुळे १९६० च्या दशकातील स्वीडनमध्ये सापडतात. तेथील पालक संघटनेचे पदाधिकारी बेंग्ट निर्ये यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांची मंडळे स्थापन करून त्यांना सभा चालवण्याचे, विषय मांडण्याचे आणि मतदान घेण्याचे रीतसर शिक्षण देण्याचा आग्रह धरला. पुढे अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९७४ साली ‘पीपल फर्स्ट’ ही अशाच व्यक्तींनी चालवलेली संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी भरलेल्या तिच्या पहिल्या अधिवेशनाला ५०० हून अधिक लोक जमले. मिनेसोटा राज्याने १९८७ मध्ये ‘पार्टनर्स इन पॉलिसीमेकिंग’ हा अभ्यासक्रम सुरू केला, ज्यात दिव्यांग प्रौढ आणि लहान दिव्यांग मुलांचे पालक काही महिने एकत्र शिकतात, कायदे कसे बनतात ते समजून घेतात आणि लोकप्रतिनिधींसमोर आपले म्हणणे मांडण्याचा सराव करतात.

प्रत्यक्ष प्रशिक्षणाची सुरुवात मात्र कायद्यापासून होत नाही. ज्या माणसाने तिशी ओलांडली तरी आज कोणता शर्ट घालायचा हे कधी स्वतः ठरवलेले नसते, त्याला हक्कांची यादी वाचून दाखवण्यात फारसा अर्थ नसतो. म्हणून दोन पर्याय समोर ठेवणे, उत्तराची घाई न करणे आणि निवड चुकीची वाटली तरी ती अमलात येऊ देणे, हा पहिला टप्पा ठरतो. त्यानंतर नकार देण्याचा सराव येतो. आज्ञाधारकपणाचे आयुष्यभर कौतुक झालेल्या व्यक्तीला ‘नाही’ म्हणणे जड जाते, आणि तिच्या शोषणाला हाच स्वभाव सोयीचा पडतो, त्यामुळे या टप्प्याला इतर सर्व भागांपेक्षा अधिक वेळ देणे योग्य होय. तिसरा टप्पा सभेचा असतो: अध्यक्ष पाळीपाळीने निवडला जातो, विषयपत्रिका चित्रांत काढली जाते, बोलण्याची पाळी दर्शवणारी वस्तू हातोहात फिरते आणि ठरलेल्या गोष्टी सुलभ वाचनाच्या पद्धतीने, म्हणजे लहान वाक्ये, मोठी अक्षरे आणि प्रत्येक मुद्द्याशेजारी चित्र अशा रीतीने, लिहून ठेवल्या जातात. ज्यांना बोलता येत नाही ते चित्रफलक, खुणा किंवा नजरेने सहभागी होतात.

गटाला एक सहायक लागतो आणि प्रशिक्षणाचे यश मुख्यतः त्याच्या संयमावर अवलंबून असते. प्रश्न सोपा करून सांगणे हे त्याचे काम असून उत्तर सुचवणे हे नव्हे. परंतु ही रेषा पुसट आहे, आणि व्यासपीठावर पाठ करून घेतलेले भाषण म्हणवून घेण्यात जे समाधान मिळते, त्याला अनेक संस्था स्व-समर्थन समजून बसतात.

महाराष्ट्रात या क्षेत्राची उभारणी पालकांनी आणि शिक्षकांनी केली. मुंबईत मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, जी आज ‘अडॅप्ट’ म्हणून ओळखली जाते. त्यांची कन्या मालिनी चिब यांनी सेरेब्रल पाल्सीसह जगताना ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन लिहिले आणि दिव्यांगांच्या हक्कांसाठी स्वतः नेतृत्व केले. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ साली स्थापन केलेल्या कामायनी संस्थेचे काम निगडीपर्यंत पोहोचले आहे. पालक संघटनांच्या ‘परिवार’ या राष्ट्रीय महासंघाने स्व-समर्थकांचा देशव्यापी मंचही उभारला. या साऱ्या कार्याचे मोल मोठे असले, तरी चाळिशीतल्या माणसाबद्दलही बोलणारा आवाज बहुतेक वेळा आईवडिलांचाच राहिला.

इतरांनीच बोलण्याचे परिणाम किती टोकाचे होऊ शकतात, हे पुणे जिल्ह्याने पाहिलेले आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय संस्थेत राहणाऱ्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या काही महिलांची गर्भाशये ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीतील स्वच्छता त्यांना राखता येत नाही, असे कारण सांगितले गेले, आणि महिला व आरोग्य संघटनांच्या तीव्र विरोधानंतर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. डॉक्टर, अधिकारी आणि कार्यकर्ते यांच्या त्या वादात खुद्द त्या महिलांचे म्हणणे जवळजवळ आलेच नाही. पुढे २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, गर्भ ठेवण्याची इच्छा असलेल्या बौद्धिक अक्षम तरुणीच्या संमतीला निर्णायक मानले, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १० ने मुक्त आणि पूर्ण माहितीवर आधारित संमतीशिवाय वंध्यत्व आणणारा वैद्यकीय उपचार करण्यास मनाई केली. याच कायद्यातील कलम १४ मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडते. तिच्यानुसार कायदेशीर पालकाने विशिष्ट निर्णयापुरते आणि विशिष्ट मुदतीपुरते, संबंधित व्यक्तीच्या इच्छेला अनुसरून, तिच्याबरोबर मिळून ठरवायचे असते. याउलट, राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ प्रमाणे पालक नेमणाऱ्या जिल्हास्तरीय स्थानिक समितीत एका दिव्यांग व्यक्तीचा समावेश सक्तीचा असला, तरी ती बौद्धिक अक्षमता असलेलीच असावी असे बंधन नाही, आणि ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

चऱ्होलीसारख्या ठिकाणी या प्रशिक्षणाची गरज वेगळ्या कारणाने वाढली आहे. इंद्रायणीकाठचे हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले आणि गावठाणाभोवती मोठी गृहसंकुले उभी राहिली. गावठाणात दिव्यांग व्यक्तीला वाघेश्वराच्या देवळापासून किराणा दुकानापर्यंत सगळे ओळखतात, तिची सवय आणि अडचण कोणाला सांगावी लागत नाही. संकुलात मात्र दारावरचा रखवालदार बदलतो, शेजारी भाडेकरू असतात, आईवडील भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यांत पाळ्यांनी कामाला जातात, आणि ओळखीने आपोआप होणारे काम आता त्या व्यक्तीलाच बोलून करावे लागते. आपले नाव व पत्ता सांगणे, पीएमपी बसच्या वाहकाला थांबा विचारणे, बँकेत स्वतःची सही करणे आणि सोसायटीच्या सभेत उद्वाहनाच्या बटणांविषयी तक्रार मांडणे, ही येथील अभ्यासक्रमाची स्वाभाविक प्रकरणे ठरतील. मतदानाचाही त्यात समावेश हवा, कारण सक्षम न्यायालयाने मनोविकल असल्याचे जाहीर केल्याखेरीज बौद्धिक अक्षमतेच्या कारणावरून कोणाचे नाव मतदार यादीतून वगळता येत नाही, आणि कित्येक घरांत हे ठाऊकच नसल्याने नाव नोंदवलेले नसते.

अशा गटाला खर्च फार लागत नाही: महिन्यातील एक ठरलेला दिवस, सोसायटीचे सभागृह किंवा शाळेचा रिकामा वर्ग, काही चित्रपत्रे आणि सदस्यांपैकी कोणाचाही नातेवाईक नसलेला एक सहायक. यांतील शेवटची अट पाळणे सर्वांत कठीण आहे, कारण या कामासाठी सवड काढणारी माणसे बहुधा पालकच असतात, आणि मूल बोलण्याआधी बोलून टाकण्याची त्यांची वर्षानुवर्षांची सवय एका कार्यशाळेने सुटत नाही.