ग्रीस नको, तेल

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधे गेली दोन वर्षं एक गाडी सुट्या भागांत नांदते आहे. बंगळुरातल्या एचएसआर लेआउटमधली ही नेहमीची तीस बाय चाळीसची ‘साइट’. इथे प्लॉटला साइटच म्हणतात. खाली तीन गाड्यांची जागा, वर भाडेकरू, कोपऱ्यात पाण्याचा संप. घरमालक अंकल दर युगादीला खाली येतात, कमरेवर हात ठेवून बघतात आणि विचारतात, “मुगीता?” म्हणजे, झालं का? मी मान हलवतो. ते हसून वर जातात. भाडं मात्र त्या जागेचंही घेतात.

गाडी आहे १९६६ची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची. बेळगावात एका जुन्या घराच्या पडवीत, भाताच्या पोत्यांशेजारी पडून होती. तिथून पाचशे किलोमीटर ट्रकवर आली. खरं सांगायचं तर मला हवी होती ट्रायम्फ स्पिटफायर, १९६२मध्ये निघालेली ती बुटकी, उघडी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार. ती काही मला मिळणारी नव्हती आणि परवडणारी तर त्याहून नव्हती. पण स्पिटफायर निघाली ती हेराल्डपासूनच. हेराल्डच्या दोन चाकांच्या आसांमधलं अंतर साडेएक्क्याण्णव इंच. ते त्र्याऐंशीवर आणलं, वर डिझायनर मिकेलॉत्तीने आखलेली नवी बॉडी चढवली आणि स्पोर्ट्स कार तयार झाली. हेराल्डची बॉडीही त्याचीच. इंजिन एकाच घराण्यातलं, पुढचं सस्पेन्शनही तेच. म्हणून मी थोरल्या बहिणीवर समाधान मानलं. आता मला तीच जास्त आवडते, हे धाकटीला कळवायची गरज नाही.

घराच्या पार्किंगमध्ये गाडी खोलून जोडण्याचं हे काम होऊ शकतं, त्यामागे इंग्लंडमधल्या धंद्याचं एक राजकारण आहे. १९५३मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने फिशर अँड लडलो ही बॉडीचे पत्रे दाबणारी कंपनी विकत घेतली. हेराल्ड बनवणाऱ्या स्टँडर्ड-ट्रायम्फच्या बॉड्या तिथूनच येत. अख्खी बॉडी एकसंध बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेल्यावर त्यांनी जुनी वाट धरली: खाली वेगळी चासी, वर निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेले तुकडे, सगळं बोल्टांनी आवळलेलं. इतर कंपन्या चासी सोडून देत होत्या त्या काळात, १९५९मध्ये, अशी गाडी बाजारात आली. तुकड्यांची गाडी खोक्यात घालून बोटीने पाठवायला सोपी. १९६१पासून ती मद्रासमध्ये तयार होऊ लागली.

याचा अर्थ पान्याने सगळं सुटतं. बॉनेट आणि पुढचे दोन्ही मडगार्ड मिळून एकच तुकडा, तो पुढे उलटतो आणि इंजिनशेजारी टायरवर बसून काम करता येतं. टपसुद्धा बोल्टांवर आहे. आम्ही बॉडीचा मागचा भाग उचलला तेव्हा मी, वॉचमन, दुसऱ्या मजल्यावरचा घरून काम करणारा मुलगा (कानात मीटिंग चालू) आणि पार्सल द्यायला आलेले दोघं, असे पाच जण होतो. पार्सलवाल्यांनी विचारलं, “सर, हे परत बसणार ना?”

अडचण बोल्टांचीच. ते इंची मापाचे. अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण तो अर्ध्या इंचाहून किंचित मोठा. जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. साठ वर्षांत किती मेकॅनिकांनी तेराचा पाना घातला, ते नटाकडे बघून सांगता येतं. मी एस. पी. रोडवरून इंची पान्यांचा सेट आणला. एस. पी. म्हणजे सदर पत्रप्पा. नावातच पत्रा, आणखी काय हवं! गंजलेल्या नटांना रात्रभर डिझेल पाजायचं, सकाळी आधी किंचित आवळायचं, मग सोडवायचं. सुटलेलं सगळं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. डब्यावर मार्करने ‘डावं दार, वरची बिजागरी’. पहिल्या महिन्यात मी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. जूनच्या ओलाव्यात त्या गळाल्या आणि अडीच डबे बोल्ट बेवारस झाले.

पत्र्याचं काम मला येत नाही. त्यासाठी बोम्मनहळ्ळीचे एक चाचा येतात. पुण्या-मुंबईकडे ज्याला डेंटिंग म्हणतात, त्याला इथे टिंकरिंग म्हणतात. चाचांचं पहिलं हत्यार लोहचुंबक. पत्र्यावरून तो फिरवत न्यायचा. जिथे सुटून पडेल तिथे खाली पुट्टी. डाव्या मागच्या मडगार्डवर तो पडला आणि पडतच राहिला. खरवडलं तर बोटभर जाड पुट्टी आणि तिच्या आत कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी! चाचा खूश झाले. “जिसने भी किया, दिल से किया,” म्हणाले आणि जाळी फेकून दिली. मग हातोडीने चासी वाजवत निघाले. चांगलं लोखंड टणकन बोलतं, कुजलेलं थपकन. दारांच्या खालचे, चासीपासून बाहेर आलेले आडवे हात बहुतेक थप निघाले. ते नवे करून जोडण्यात एक पावसाळा गेला.

पण खरा धडा मिळाला पुढच्या चाकाशी. हेराल्ड आणि स्पिटफायर, दोघींच्या चाकाचा उभा पोलादी खांब खाली एका पितळी ठोकळ्यात बसतो. त्याला ट्रनियन म्हणतात. खांबाला आटे, ठोकळ्यालाही आटे. स्टीयरिंग फिरवलं की खांब त्या आट्यांत बोल्टसारखा फिरतो. या जागी नव्वद नंबरचं गिअर ऑइल घालायचं असतं. ग्रीस खालच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी मात्र पोचतं. खांब आतून गंजतो आणि एका वळणावर तुटतो. चाक मडगार्डखाली दुमडून बसतं. माझ्या गाडीत कुणीतरी तिथे ग्रीसचा निपल बसवून दिला होता आणि वर्षानुवर्षं भक्तिभावाने ग्रीस भरलं होतं. ठोकळा तापवून उघडला तेव्हा आत मेणासारखा पिवळा गोळा होता, आणि उजव्या खांबाच्या शेवटच्या चार आट्यांची धार संपलेली. बेळगावात ही गाडी लग्नाच्या वरातीत चालली होती, असं मालक म्हणाले होते. वरातीचा वेग किती असतो, या विचाराने मला बरं वाटलं.

इंजिनाचं फार सांगत नाही. क्लच दाबल्यावर पुढची पुली सरकते का, हे आधी बघा. सरकली तर क्रँकशाफ्टचे थ्रस्ट वॉशर गेले. माझे गेले होते. रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा बदलावाच लागला, कारण हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलशी जुन्या रबराचं जमत नाही. बऱ्याच जणांनी सल्ला दिला, “व्हॅनचं इंजिन टाका, कटकट संपेल.” कटकट संपेल, पण २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज गाड्यांसाठीचा ‘व्हीए’ मालिकेचा नंबर हवा असेल, तर चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. मूळचं ९४८ सीसीचंच राहिलं. जानेवारीत ते पहिल्यांदा सुरू झालं, तेव्हा पार्किंगमध्ये इतका धूर झाला की तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खिडकी लावून कन्नडमध्ये बरंच बोलल्या. मला सगळं कळलं नाही, हे बरं.

आता बॉडी चासीवर परत बसली आहे. रंग बाकी. ट्रनियनजवळ, बॉनेट उलटलं की दिसेल अशा जागी, मी पांढऱ्या रंगाने कन्नड, हिंदी आणि मराठीत लिहून ठेवलं आहे: ग्रीस नको, तेल.

एक वस्तू मात्र कुठेच मिळत नाही. हेराल्डचं बॉनेट दोन बाजूंच्या दोन खटक्यांनी बंद होतं. माझ्या गाडीत उजवीकडचा मूळचा आहे. डावीकडे कुणीतरी घराच्या दाराची कडी बसवली आहे, कोयंड्यासकट. कुणाच्या वाड्यात, गोठ्यात, भंगारात हेराल्डचं बॉनेट पडलेलं असेल, तर डावा खटका काढून ठेवा. पाना अर्ध्या इंचाचा वापरा, तेराचा नको.